सांगकाम्या सुकाणू

रेडिओने चालणाऱ्या मोठ्या खेळण्यातील मोटारीची पुढची चाके वळवणाऱ्या छोट्या पेटीला सर्व्हो म्हणतात. ती बिघडली की विद्यार्थी विचारतात, "जास्त ताकदीची मोटर बसवली तर चालेल ना?" नुसत्या ताकदीने का भागत नाही, हे समजण्यासाठी आपल्याला दीडशे वर्षे मागे, एका जहाजावर जावे लागेल.

1858 मध्ये पाण्यात उतरलेले 'ग्रेट ईस्टर्न' हे सुमारे 211 मीटर लांबीचे जहाज त्या काळी जगात सर्वांत मोठे होते. 1861 च्या सप्टेंबरात अटलांटिकमधील वादळात त्याचे सुकाणू मोडले आणि प्रवाशांसह ते लाटांच्या हवाली झाले. जहाज कितीही बलाढ्य असो, सुकाणू हाती नसेल तर त्या बळाचा उपयोग नाही.

एवढे मोठे सुकाणू हातांनी फिरवणे जिकिरीचे. त्याला वाफेचे यंत्र जोडावे, हे सुचणे सोपे होते. पण कुठे थांबायचे, हे यंत्राला कसे कळणार? जॉन मॅकफार्लेन ग्रे यांच्या 1866 च्या पेटंटात याचे उत्तर होते. चाक फिरवले की वाफेची झडप उघडे आणि यंत्र सुकाणू वळवू लागे. सुकाणूची तीच हालचाल उलट येऊन झडप बंद करी. 'असायला हवे कुठे' आणि 'आहे कुठे' यांतला फरक संपला की यंत्र थांबे. यालाच आपण फीडबॅक म्हणतो.

ही योजना 'ग्रेट ईस्टर्न'वर बसवली गेली. हेच जहाज 1870 मध्ये मुंबईला आले आणि तेथून एडनकडे समुद्री तार टाकत गेले.

1873 मध्ये फ्रान्सच्या फार्को यांनी अशा यंत्रांवरील पुस्तकात 'सर्व्हो-मोटर' हे नाव वापरले. लॅटिनमध्ये 'सर्व्हस' म्हणजे गुलाम. 1898 मध्ये टेस्ला यांनी न्यूयॉर्कमध्ये रेडिओने चालणारी नाव दाखवली. दूरवरून हुकूम देणे आता शक्य झाले होते.

धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. पण तेथील एखाद्या शाळेत जुना सर्व्हो उघडला, तर हीच कल्पना हाताशी येते. आत मोटर, दंतचक्रे आणि बहुधा एक पोटेन्शिऑमीटर असतो. तो 'आहे कुठे' ते सांगतो. 'असायला हवे कुठे' ते रेडिओच्या स्पंदांतून कळते, साधारण 1.5 मिलिसेकंदाचा स्पंद म्हणजे मधली जागा.

आता नवा सर्व्हो निवडू. 25 किलोग्रॅम-सेंटिमीटरचा सर्व्हो 2.5 सेंटिमीटरच्या दांडीच्या टोकाशी 10 किलोग्रॅम वजनाइतका जोर लावतो. जोर वाढला की विजेची मागणीही वाढते. बॅटरी आणि तारा तेवढा प्रवाह देतील का, ते पाहावे. दांडीचे दाते आसाच्या दात्यांशी जुळायला हवेत. सर्व्हो चालू करून मधल्या जागी आणावा आणि मगच दांडी बसवावी. चाके पूर्ण वळल्यावरही तो ढकलत राहिला, तर तापून जळतो. म्हणून वळण्याची मर्यादा रेडिओवर आधी ठरवावी. दगडाचा धक्का दात्यांपर्यंत पोचू नये यासाठी सर्व्हो-सेव्हर ही स्प्रिंगची जोडणी असावी.

वर्गात एक लहान सर्व्हो चालू ठेवून त्याची दांडी बोटाने हलकेच सरकवून पाहावी. ती विरोध करते आणि बोट काढताच जागेवर परतते. साधी मोटर असे करत नाही. का, ते विद्यार्थ्यांनाच विचारावे.