टायटॅनोसॉरस हे नाव का गेलं

मंडळी, मार्कंड्याला बसून काळाविषयी बोलायचं, तर चिरंजीव मार्कंडेयांची आठवण होणारच. पण आज आम्ही बोलणार आहोत ते अशा एका नावाविषयी, जे सव्वाशे वर्षं टिकलं आणि मग गेलं. टायटॅनोसॉरस.

गोष्ट सुरू होते जबलपुरात. ठगांच्या बंदोबस्तासाठी पुढे प्रसिद्ध झालेले कॅप्टन स्लीमन यांना १८२८ मध्ये तिथल्या बारा सिमला टेकडीत हाडं मिळाली. भारतात सापडलेले हे पहिले डायनोसॉरचे अवशेष. 'डायनोसॉर' हा शब्दच तेव्हा नव्हता, तो आला १८४२ मध्ये! पुढे रिचर्ड लायडेकर यांनी १८७७ मध्ये त्यातल्या शेपटीच्या मणक्यांवरून टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव दिलं. दोनच वर्षांनी आपल्या वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याच्या मणक्यांवरून दुसरी जात केली, ब्लॅनफोर्डी.

आता लायडेकरांनी ओळख कशावर ठरवली? मणक्याची पुढची बाजू खोलगट आणि मागची गोळ्यासारखी फुगीर, म्हणजे उखळीत बसणाऱ्या गोळ्यासारखा सांधा. इतर मोठ्या शाकाहारी डायनोसॉरांत त्यांना असं दिसलं नव्हतं. त्यांचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही. समोर जेवढं होतं तेवढ्यावरून निष्कर्ष बरोबरच होता. पण नंतर अर्जेंटिना, मादागास्कर, युरोप, जिकडेतिकडे तसेच मणके निघू लागले. मग प्रत्येकाला टायटॅनोसॉरसच म्हणायचं! अशा चौदा जाती झाल्या. गावात एकाच्याच घरावर कौलं असतील तर 'कौलारू घर' हा पत्ता पुरतो. सगळ्यांनीच कौलं घातली की पोस्टमननं काय करायचं?

जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च यांनी २००३ मध्ये या चौदाही जाती पुन्हा तपासल्या. वेगळ्या ओळखता येतील अशा पाचच उरल्या. इंडिकस त्यांत नव्हती, ब्लॅनफोर्डीही नव्हती. आणि नियम असा, की प्रजातीचं नाव तिच्या मूळ जातीला बांधलेलं असतं. मूळ जातच ओळखता येत नसेल, तर ते नाव दुसऱ्या कुणाला वापरता येत नाही.

इथे चंद्रपूरचा खरा संबंध येतो. वरोऱ्याजवळच्या डोंगरगावला १९८० च्या दशकात भारतीय सांख्यिकी संस्थेच्या लोकांनी एकाच प्राण्याची पुष्कळ हाडं खणून काढली होती. मान, पाठ, शेपूट यांचे मणके, बरगड्या, कंबर, पुढचा पाय. कवटी आणि मागचे पाय मात्र नाहीत. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याला टायटॅनोसॉरस कोल्बर्टी म्हटलं. जात पक्की, पण आडनाव रद्द झालेलं. म्हणून २००३ मध्ये नवी प्रजाती झाली, इसीसॉरस. त्यातलं 'इसी' म्हणजे त्या संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं. डोंगरगावचं नाव द्यायला हवं होतं, असं आम्हाला वाटतं, असो.

जबलपूरचा मूळ मणका मात्र मधल्या काळात हरवला होता. तो २०१२ मध्ये कोलकात्याला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात सापडला. धनंजय मोहबे, सेन आणि विल्सन यांनी पुढच्या वर्षी त्याचं वर्णन छापलं. नाव त्यामुळे परत आलं नाही. पिसदुऱ्याला अजूनही हाडं सुटीसुटी मिळतात. त्यातलं कोणतं कोणत्या प्राण्याचं, हे ठरवायला आता डोंगरगावचा सांगाडा शेजारी ठेवता येतो.