फुटलेल्या ताऱ्याचा सोबती

मंडळी, शिमगा सरला की एखाद्या रात्री अंगणात उभे राहून उत्तरेकडे पाहा. सप्तर्षी चांगले वर आलेले असतात. त्यांच्या चौकोनातल्या पुलस्त्यापासून क्रतूपर्यंत मनाशी एक तिरपी रेघ ओढा आणि तेवढीच पुढे न्या. तिथे नुसत्या डोळ्यांना काही दिसायचे नाही. लहानशा दुर्बिणीतून मात्र एक धुरकट डाग दिसतो. १७७४ साली बोडे या जर्मन ज्योतिर्विदाने तो हेरला. डाग कसला, आपल्या आकाशगंगेसारखी ती अब्जावधी ताऱ्यांची सर्पिल दीर्घिका आहे! तिथला प्रकाश इथे यायला सुमारे १ कोटी २० लाख वर्षे लागतात. आकाशाच्या हिशेबाने हे शेजारघरच म्हणायचे.

२८ मार्च १९९३ रोजी स्पेनमधल्या फ्रान्सिस्को गार्सिया यांना तिथे एक नवा ठिपका दिसला. हे गृहस्थ हौशी निरीक्षक, बरं का. एक प्रचंड तारा फुटला होता. पण कोणता? घरातले माणूस गेले की आपण जुना फोटो शोधतो ना, तशी शास्त्रज्ञांनी त्या दीर्घिकेची जुनी छायाचित्रे काढली. तारा सापडला. सूर्याच्या शेकडो पट रुंद, तांबूस. मात्र त्या जागी निळसर प्रकाशही जरा जास्तच होता.

आणखी एक कोडे पडले. स्फोटाच्या वर्णपटात आधी हायड्रोजनच्या खुणा होत्या. थोड्याच आठवड्यांत त्या फिक्या पडून हेलियमच्या खुणा वर आल्या. अशा ताऱ्याभोवती हायड्रोजनचे जाड आवरण असायला हवे. ते गेले कुठे? काहींनी त्याच वर्षी तर्क केला, की हा तारा जोडीतला असणार. म्हातारपणी तो फुगला, तेव्हा शेजाऱ्याने त्याचे आवरण ओढून घेतले!

पण शेजारी दाखवायचा कसा? स्फोटाच्या झगमगाटात तो दिसेना. दहा वर्षे वाट पाहावी लागली. २००४ साली हबल दुर्बीण आणि हवाई बेटावरची केक दुर्बीण यांच्या मदतीने त्या जागी एका तप्त, निळ्या महाताऱ्याच्या खुणा मिळाल्या. तांबूस तारा नाहीसा झाल्याचेही २००९ साली जाहीर झाले. २०१४ साली हबलच्या जंबुपार निरीक्षणांनी त्या निळ्या सोबत्याला आणखी दुजोरा दिला.

गुरुजी, मुलांना हे सांगताना एवढे सांभाळा. तारा १९९३ साली फुटला नाही. तो फुटला तेव्हा पृथ्वीवर माणूसच नव्हता. १९९३ साली फक्त ती बातमी इथे पोचली.