आधी नोंद, मग चौकशी

नोव्हेंबर १९८२. अमेरिकेत, केंब्रिजच्या एमआयटीत तुम्ही येऊन पोहोचलात. खिशातला फोन बंदच ठेवा, त्याला इथे कोणी दाद देणार नाही. ईथरनेट म्हणजे या दिवसांत बोटाएवढी जाड केबल. तिच्यावर दर अडीच मीटरला खूण असते. नवं यंत्र जोडायचं तर त्या खुणेवर भोक पाडून आत टोचणी खुपसायची. एक यंत्र बोललं की केबलवरच्या सगळ्यांना ऐकू जातं.

डेव्हिड प्लमर यांचा ताजा मसुदा हातात घ्या: आरएफसी ८२६. अडचण अशी, की यंत्राला शेजाऱ्याचा ३२ बिटांचा आयपी पत्ता ठाऊक असतो, पण केबलवर चालतो तो कार्डाचा ४८ बिटांचा पत्ता. प्लमर यांचा तोडगा म्हणजे हाळी द्यायची: हा आयपी पत्ता कोणाचा? ज्याचा असेल तो आपल्या कार्डाचा पत्ता सांगतो आणि विचारणारा ती जोडी तक्त्यात टिपून ठेवतो. याचंच नाव एआरपी.

आता असा एआरपीचा संदेश, म्हणजे पाकीट, आल्यावर काय करायचं त्या पायऱ्या वाचा, सावकाश. पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता तक्त्यात असेल तर त्याच्यापुढे कार्डाचा नवा पत्ता लिहून टाका. पाकीट प्रश्नाचं आहे की उत्तराचं, ते पाहायचं त्यानंतर. तिथे प्लमर यांनी चक्क दोन उद्गारचिन्हं ठोकून बजावलंय. आणि हे आपण विचारलं तरी होतं का? ती पायरीच नाही.

हसू नका. उद्या एखाद्या यंत्राचं कार्ड बदललं, तर इतरांना ते आपोआप कळायला हवं. मोजक्या, ओळखीच्या यंत्रांसाठी हा शहाणपणाच आहे, असं माझं मत.

चला, २००० सालच्या अखेरीस. विद्यापीठाचं वसतिगृह, रात्रीची वेळ. सगळ्यांना सगळं ऐकवणारे हब जाऊन स्विच आलेत, म्हणून तुम्ही निर्धास्त आहात. शेजारच्या खोलीतल्या मुलाने मात्र डग साँगचं डीस्निफ हे नेटवर्क चोरून ऐकायचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलंय. त्यातलं आर्पस्पूफ दर दोन सेकंदांनी तुमच्या यंत्राला सांगतं, गेटवे (बाहेरच्या नेटवर्ककडे नेणारं यंत्र) मीच. गेटवेला सांगतं, हा विद्यार्थी मीच. दोघेही मुकाट्याने तक्ते बदलतात. स्विचचाही इलाज नाही. तो कार्डाचा पत्ता वाचून पाकीट पोचवतो, आणि पत्ता तर तुमच्याच यंत्राने चुकीचा लिहिलाय. मुलगा आलेलं पाकीट वाचून पुढे ढकलतो, त्यामुळे काही अडत नाही. तुम्ही मेल उघडता. पासवर्ड साध्या अक्षरांत त्याच्या पडद्यावर उमटतो.

आता खुर्ची बदला. तुम्ही नेटवर्क सांभाळणारे. गेटवेवर पत्त्यांच्या जोड्यांवर नजर ठेवणारं आर्पवॉच चालू आहे, आणि त्याची मेल येते: फ्लिप फ्लॉप. एकच आयपी पत्ता दोन कार्डांमध्ये हेलकावतोय. तक्ता उघडा. पाहा, दोन आयपी पत्त्यांपुढे एकच कार्ड! ते कार्ड स्विचच्या कुठल्या पोर्टावर दिसतं ते काढा, खोल्यांची यादी घ्या आणि जिना चढा. सगळं कूटबद्ध करून पाठवणारं एसएसएच तोवर पाच वर्षांचं झालेलं आहे, पण पासवर्डही उघडा पाठवणारं टेलनेट सोडायला इथे कोणी तयार नाही. त्यांच्याशी उद्या भांडा.