औदुंबराचे व्रत आणि किशोरीची लहर

आमच्या गावाच्या नावातच आखाडा आहे. आखाडा म्हणजे पैलवानांची लाल माती, आणि आखाडा म्हणजे साधूंचे ठाणेही. दोन्ही ठिकाणी लंगोट घट्ट बांधणाराला फार मान. तेव्हा आखाडा बाळापुरात उभे राहून ‘ब्रह्मचारी’ नावाच्या एका बोलपटाविषयी बोलावे, यात फारसे अनुचित काही नाही असे आम्हांस वाटते. मात्र एक गोष्ट आरंभीच सांगून टाकलेली बरी. या बोलपटाच्या नायकाची सारी फजिती होते ती एक व्याख्यान ऐकून! न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि तेव्हापासून महाराष्ट्रात व्याख्यानांना तोटा पडलेला नाही. येथे जमलेल्या मंडळींनी आज घरी जाताना वाटेतच कसली प्रतिज्ञा करू नये, एवढीच आमची विनंती आहे.

‘ब्रह्मचारी’ १९३८ सालचा. कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सने तो काढला, मास्टर विनायकांनी दिग्दर्शित केला आणि नायकाचे कामही त्यांनीच केले. लेखणी आचार्य अत्र्यांची. नायकाचे नाव औदुंबर. हा एक साधा तरुण, सिनेमाचा शौकीन, चित्रतारकांच्या तसबिरी हौसेने जमवणारा. एके दिवशी तो देशभक्त जटाशंकर नावाच्या वक्त्याचे ब्रह्मचर्य आणि देशसेवा या विषयावरचे भाषण ऐकतो आणि पेटून उठतो. तसबिरी फेकून दिल्या जातात, व्यायामाला सुरुवात होते, आणि औदुंबर आचार्य चंडिराम यांच्या संस्थेत दाखल होतो. चंडिरामाचे काम दामुअण्णा मालवणकरांचे, तेव्हा ती संस्था कशी असेल हे वेगळे सांगायला नको. इतक्यात किशोरी येते. किशोरी म्हणजे मीनाक्षी. ती केव्हा काय करील याचा औदुंबराला अंदाज बांधता येत नाही, आणि अंदाज बांधता बांधताच त्याचे व्रत मोडते. पोहण्याच्या पोशाखात तिने गाणे म्हटले, त्यावरून त्या काळी केवढी खळबळ उडाली हे जुनी माणसे पुष्कळ दिवस सांगत असत.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि कारखान्यांच्या फाटकाबाहेरच्या सभांत झाले. हा बोलपट आम्ही प्रथम पाहिला तो अलीकडे, मुलाच्या मोबाईलवर. पोट धरून हसलो. पण हसून झाल्यावर एक शंका मनात राहिली, आणि त्या शंकेपायीच आज येथे उभे आहोत.

शंका अशी. १९३८ साल हे आपल्या मराठवाड्याला थट्टेचे साल नव्हते. कळमनुरी तालुक्यातला हा आपला मुलूख तेव्हा परभणी जिल्ह्यात होता आणि परभणी निजामाच्या राज्यात. त्याच वर्षी स्टेट काँग्रेसवर बंदी आली आणि ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला. वर्षाच्या अखेरीस वंदे मातरम् म्हटले म्हणून उस्मानिया विद्यापीठाने विद्यार्थ्यांना काढून टाकले, आणि त्यांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. या लढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ हे स्वतः संन्यासी. त्यांच्याविषयी आम्हांस अधिक आपलेपणा वाटतो, कारण हैदराबाद संस्थानात येण्यापूर्वी त्यांनी ना. म. जोशींच्या हाताखाली कामगार संघटनेचे काम केले होते. म्हणजे इकडे खरा ब्रह्मचारी तुरुंगात जात होता, आणि तिकडे ब्रह्मचाऱ्याच्या नावावर थिएटरात हशा पिकत होता! अत्र्यांनी त्यागाची चेष्टा केली काय?

आमच्या मते नाही. स्वामीजींच्या त्यागात बाईविषयीचा तिरस्कार नव्हता. त्यांना दुसरे काम होते, आणि त्या कामापुढे संसाराला जागा उरली नाही. औदुंबराचे तसे नव्हते. त्याने काम पत्करण्याच्या आधीच बाई नाकारली. बरे, नाकारली तरी कोणती? भिंतीवरची! त्याने कागद फेकला आणि मोह फेकला असे त्याला वाटले. तसबीर काही बोलत नाही, रागावत नाही, नाही म्हणत नाही. तिच्यावर प्रेम करणेही सोपे आणि तिचा त्याग करणेही सोपे. सिनेमाचा शौकीन औदुंबर आणि ब्रह्मचारी औदुंबर हे दोन गृहस्थ वरवर परस्परविरुद्ध दिसतात. वस्तुतः चूक दोघांची एकच. दोघेही बाईविषयीचा निर्णय बाईला न विचारता करून मोकळे होतात. मग जितीजागती किशोरी समोर आली आणि तिने आपल्या मनाने दोन गोष्टी केल्या, की ती लहरी ठरते.

आता जुन्या कथा पाहा. तपस्व्याचे तप स्त्रीने भंग केले ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. पण विश्वामित्राकडे मेनका आपल्या खुशीने गेली नव्हती. इंद्राने पाठवली होती. आमच्या भाषेत सांगायचे तर मेनका ही इंद्राच्या नोकरीत होती आणि नेमून दिलेले काम करून आली. तिला काय हवे होते हे कोणी विचारले नाही. किशोरीला कोणी पाठवलेले नाही. औदुंबर तिला हवा आहे, म्हणून ती येते. हा फरक लहान नाही. पुराणातली स्त्री धन्याच्या हुकमाने तप मोडते, १९३८ सालची स्त्री स्वतःच्या इच्छेने. हसू आले ते यामुळे, आणि राग आला तोही यामुळेच.

येथवर यायला मराठी पडद्याला पंचवीस वर्षे लागली होती. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा तारामतीच्या कामाला एकही स्त्री मिळेना. शेवटी उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाने लुगडे नेसून तारामती उभी केली. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी कामे केली, आणि पडद्यावर खरी स्त्री आली. यातली कमलाबाई मोहिनी झाली होती. मोहिनी नाचली आणि भस्मासुराने तिच्याप्रमाणे हात आपल्याच डोक्यावर ठेवला, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. ज्याला बाईच्या मनाचा थांग लागत नाही, त्याने तिची नुसती नक्कल केली तर काय होते, हे आपल्या पूर्वजांनी तेव्हाच सांगून ठेवले होते!

पुढे १९३२ साली मराठी बोलपट आला आणि पडद्यावरची स्त्री बोलू लागली. १९३७ साली प्रभातचा ‘कुंकू’ आला. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा हा व्ही. शांतारामांचा बोलपट. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावलेली नीरा त्याला नवरा मानायला साफ नकार देते. नीरेचे काम शांता आपटे यांनी केले. नीरा नाही म्हणाली आणि दुसऱ्याच वर्षी किशोरी हो म्हणाली, पण आपल्या तऱ्हेने. एकीवर लोक रडले, दुसरीवर हसले. दोघींचा गुन्हा मात्र एकच होता: आपले आपण ठरवले.

या हकिकतीचा तिसरा अंक पडद्यावर घडला नाही. तो प्रभातच्या फाटकावर घडला. १९३९ साली करार आणि पगार यांवरून कंपनीशी वाद झाला, तेव्हा शांता आपटे पुण्यात कंपनीच्या दारात उपोषणाला बसल्या. ज्या कंपनीच्या पडद्यावर त्यांनी नीरेचे नाही सांगितले, तिच्याच दारात त्यांनी स्वतःचे नाही सांगितले. पुढच्या वर्षी त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ नावाचे पुस्तक लिहिले. चित्रपट हा एक धंदा आहे, त्यात माणसे राबतात आणि झिजतात, या दृष्टीने एका नटीने केलेला तो विचार आहे. नटीची लहर म्हणून तो उपोषणाचा प्रसंग गमतीने सांगणारी माणसे आम्हांस भेटली आहेत. कारखान्याच्या दारात कामगार उपाशी बसला तर त्याला लढा म्हणतात, आणि नटी बसली तर लहर म्हणतात. हा भेद आम्हांस आजवर उमगलेला नाही.

उमगलेला नाही असे म्हणालो खरे. पण एके काळी आम्हीही तोच भेद करीत होतो, हे कबूल केले पाहिजे. मराठवाड्यातल्या एका जिनिंगमध्ये कापूस निवडायला वीसेक बाया होत्या. वीज गेली की त्यांची अर्धी हजेरी कापली जाई. एका दुपारी टोपल्या खाली ठेवून त्या बाहेर लिंबाखाली येऊन बसल्या. मालकाच्या मुनीमाचा आम्हांला निरोप, “कालपर्यंत सारं सुरळीत होतं हो, आज एकाएकी यांना काय झालं?” आम्ही धावत गेलो. आणि खरे सांगतो, वाटेत आमच्याही मनात तेच होते: एकाएकी यांना काय झाले? सभेची तारीख आम्ही पुढच्या महिन्यात ठेवली होती. युनियनला न विचारता हे काय? तेथे एका म्हाताऱ्या बाईने पिशवीतून नातवाची वही काढली. मागच्या पानांवर रेघाच रेघा. सात महिन्यांत कापलेल्या प्रत्येक अर्ध्या हजेरीची एक रेघ. ती म्हणाली, “दादा, तारीख तुम्ही ठरवली. आम्हाला कुठं इचारलं?”

त्या दिवशी आम्हांस कळले की एकाएकी काही घडले नव्हते. सात महिने ते घडतच होते. फक्त मुनीमाने वही पाहिली नव्हती आणि आम्हीही पाहिली नव्हती. ज्याची वही आपण वाचत नाही, त्याचे वागणे आपल्याला नेहमी अवचित वाटते. त्या बायांची कापलेली हजेरी पुढे भरून मिळाली. सभेची तारीख मात्र तेव्हापासून आम्ही एकट्याने ठरवीत नाही.

घरचीही एक गोष्ट सांगून पुरे करतो. तरुणपणी यात्रेतल्या तंबूत सिनेमा पाहण्याचा आम्हांस फार नाद होता, आणि औदुंबराप्रमाणे चार तसबिरी ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलेल्या होत्या. लग्न झाल्यावर घरात सिनेमातल्यासारखे बोलून पाहिले. मंडळींनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “तुमच्या त्या बाया कधी बोअरवर हंडा घेऊन उभ्या राहिलेल्या दाखवतात का?” या प्रश्नाची आमची काहीच तयारी नव्हती. त्या तसबिरी आम्ही औदुंबरासारख्या फेकल्या नाहीत. हंडा घेऊन बोअरवर जाऊ लागलो, आणि पुढे कधीतरी ट्रंकेबरोबर त्या गंजून गेल्या.

मास्टर विनायक १९४७ च्या ऑगस्टात गेले, अवघे एकेचाळीस वर्षांचे. शांता आपटे १९६४ साली गेल्या, मीनाक्षीबाई १९९७ साली. ‘ब्रह्मचारी’ आता मोबाईलवर पाहायला मिळतो. ज्या पोशाखावरून एवढा गहजब झाला, त्यात आजच्या मुलांना पाहण्यासारखे काही वाटत नाही. आमचा मुलगा ते गाणे पुढे ढकलू लागला होता. पण औदुंबर जेथे किशोरीकडे बावचळून पाहतो, तेथे तो पोटभर हसला. पोशाखाची नवलाई ओसरली, बावचळणे तेवढे तसेच राहिले.

आज या मांडवात डाव्या हाताला पुष्कळ माताभगिनी बसल्या आहेत. मघापासून आम्ही त्यांच्याविषयी बोलत आहोत आणि त्यांना अजून काहीच विचारलेले नाही. म्हणजे औदुंबराची चूक आम्हीही आज पाऊण तास केली. तेव्हा आता आम्ही खाली बसतो. अध्यक्षांची परवानगी असेल तर आभाराच्या आधी त्यांच्यापैकी कोणीतरी बोलावे. काय बोलतील याचा आम्ही अंदाज बांधलेला नाही.