एमसीआर-१ जनुक

कोलिस्टिन या प्रतिजैविकाला दाद न देण्याची क्षमता जीवाणूंना देणारे जनुक. कोलिस्टिन मूत्रपिंडाला अपायकारक असल्याने माणसांसाठी ते बराच काळ मागे पडले होते. इतर औषधे निकामी ठरू लागल्यावर मात्र अखेरचा उपाय म्हणून डॉक्टर पुन्हा त्याकडे वळले. त्याच काळात चीनमध्ये जनावरे लवकर वाढावीत एवढ्यासाठी ते खाद्यात मिसळले जात होते.

शांघायजवळच्या डुकराच्या ई. कोलाय जीवाणूत हे जनुक सापडल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. २०११–१४ दरम्यानच्या नमुन्यांपैकी ८०४ जनावरांमधील १६६, कच्च्या मांसाच्या ५२३ नमुन्यांतील ७८ आणि १,३२२ रुग्णांपैकी १६ जणांच्या जीवाणूंत ते आढळले. जनावरांतील प्रमाण माणसांपेक्षा कितीतरी जास्त असल्याने उगम गोठ्याकडे असावा, असा निष्कर्ष निघाला. जनुक प्लास्मिडवर, म्हणजे एका जीवाणूतून दुसऱ्यात सहज जाणाऱ्या डीएनएच्या कड्यावर, असते. म्हणून केवळ एका जीवाणूचा माग काढून भागत नाही. पुढे ते अनेक देशांत, नद्यांत व सांडपाण्यातही मिळाले. जपून ठेवलेल्या जुन्या नमुन्यांच्या तपासणीत चिनी कोंबड्यांतील त्याचे अस्तित्व १९८० च्या दशकापर्यंत मागे गेले.

चीनने २०१७ मध्ये वाढीसाठी कोलिस्टिन देणे बंद केले. त्यानंतर डुकरे, कोंबड्या आणि माणसे या तिन्हींमध्ये जनुकाचे प्रमाण घटले. भारताने २०१९ मध्ये खाद्यजनावरांसाठी त्याच्या उत्पादन, विक्री व वापरावर बंदी घातली.