आज्ञा पाळणाऱ्या हाताचा गुन्हा

मनिला, मे १९२९. टॉन्सिल काढण्याची साधी शस्त्रक्रिया. टेबलावर एक मुलगी. बधिरीकरणासाठी शल्यचिकित्सक ॲड्रेनलिन घातलेले १० टक्के कोकेन मागतात. मुख्य परिचारिका लोरेन्झा सोमेरा पुन्हा विचारून खातरजमा करून घेते आणि द्रावण तयार होते. डॉक्टर ते टोचतात. मुलीला झटके येऊ लागतात आणि थोड्याच वेळात ती दगावते. डॉक्टरांच्या मनात होते प्रोकेन. तोंडून निघाले कोकेन.

खटला चालला. डॉक्टरांनी कोकेनच मागितले आणि सोमेराने ते पडताळून घेतले, अशी साक्ष सहकारी परिचारिकांनी दिली. तरीही डॉक्टर निर्दोष सुटले. सोमेराला एक वर्ष एक दिवसाचा कारावास झाला आणि फिलिपिन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. जगभरच्या परिचारिकांनी निषेध केला, तेव्हा कुठे तिला माफी मिळाली. तुरुंगात एक दिवसही काढावा लागला नाही.

हा निकाल मला एकाच वेळी अन्यायाचा आणि महत्त्वाचा वाटतो. अन्यायाचा, कारण चुकीचा शब्द उच्चारणारा आणि सुई टोचणारा हात मोकळा सुटला. महत्त्वाचा, कारण न्यायालयाने परिचारिकेला प्रथमच इतक्या कठोरपणे बजावले की, आज्ञा नीट ऐकली एवढ्याने तिची जबाबदारी संपत नाही; ती आज्ञा घातक असू शकते हे तिला कळायला हवे. सोमेराने ‘हेच हवे ना?’ असे विचारले होते. ‘हे कशासाठी?’ असे विचारण्याची मुभा मात्र तिला कोणी दिलीच नव्हती.

ही मुभा नसणे हा तिच्या शिक्षणाचाच भाग होता. आपल्याकडच्या नर्सिंग महाविद्यालयांतही दीपप्रज्वलनाच्या समारंभात जी ‘नाइटिंगेल प्रतिज्ञा’ म्हटली जाते, ती फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी लिहिलेलीच नाही. १८९३ मध्ये डेट्रॉइटच्या एका परिचारिका विद्यालयात लिस्ट्रा ग्रेटर यांच्या समितीने ती तयार केली. तिच्यात डॉक्टरांच्या कार्यात निष्ठेने साहाय्य करण्याचे वचन आहे आणि जाणूनबुजून अपायकारक औषध न देण्याचेही. ही दोन वचने परस्परांच्या आड आली तर कोणते पाळायचे, याविषयी प्रतिज्ञा मौन बाळगते.

त्या मौनाची सर्वांत भीषण किंमत जर्मनीत मोजली गेली. नाझी राजवटीत मेझेरिट्झ-ओब्रावाल्डे येथील मनोरुग्णालयात (हे स्थळ आज पोलंडमध्ये आहे) हजारो रुग्णांना औषधांच्या अतिमात्रेने मारण्यात आले. डॉक्टर रुग्ण निवडत. पाण्यात विरघळवलेले व्हेरोनल पाजण्याचे किंवा मॉर्फिन-स्कोपोलामिनची सुई टोचण्याचे काम परिचारिकांकडे असे. रुग्णांना जवळ घेऊन, कुरवाळून ते औषध पाजल्याचे त्यांतील काहींनी पुढे सांगितले. शुश्रूषेचे सारे कौशल्य तसेच शाबूत होते, फक्त त्याचा हेतू उलटला होता. हे वाचून माझे मन बराच काळ विषण्ण राहिले.

१९४६ मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने तेथील एक डॉक्टर, हिल्डे व्हेर्निके, आणि एक परिचारिका, हेलेने विएचोरेक, या दोघींना मृत्युदंड दिला; १९४७ मध्ये तो अमलात आला. त्यानंतर जवळपास दोन दशकांनी, १९६५ मध्ये, म्युनिकमध्ये त्याच रुग्णालयाच्या १४ परिचारिका न्यायालयापुढे उभ्या राहिल्या. वरून आदेश होता, नाकारणे अशक्य होते, हा त्यांचा बचाव. सर्व निर्दोष सुटल्या. वास्तविक अशा नकारापायी एखाद्या परिचारिकेला देहदंड झाल्याचे उदाहरण संशोधकांच्या हाती लागलेले नाही.

मनिलात एका चुकीच्या शब्दाबद्दल दोषी ठरवले गेले. म्युनिकमध्ये जाणतेपणी केलेल्या कृत्यांना आज्ञेचे कवच मिळाले.

पुढच्याच वर्षी, १९६६ मध्ये, अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ चार्ल्स हॉफलिंग यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. रुग्णालयात एका अनोळखी ‘डॉक्टरां’चा फोन येई आणि एका औषधाची २० मिलिग्रॅम मात्रा रुग्णाला देण्यास सांगितले जाई. बाटलीवर कमाल मात्रा १० मिलिग्रॅम असे स्पष्ट छापलेले. २२ पैकी २१ परिचारिका औषध द्यायला निघाल्या. निरीक्षकाने त्यांना वाटेत थांबवले. (औषध खोटे होते.) या बायका निष्काळजी होत्या असे म्हणून विषय मिटवता येत नाही. ज्या गुणाबद्दल त्यांची आजवर प्रशंसा झाली, त्याच गुणाचे हे फळ होते.

आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेच्या १९५३ च्या आचारसंहितेत डॉक्टरांच्या सूचना निष्ठेने अमलात आणण्याचे बंधन होते; अनैतिक कृतीत सहभाग नाकारावा, असेही तिथेच नोंदवले होते. म्हणजे प्रतिज्ञेतला पेच संहितेतही तसाच उतरला होता. तो सोडवला १९७३ च्या सुधारित संहितेने. डॉक्टरांवरील निष्ठेचे कलम तिच्यातून गळले आणि परिचारिकेची पहिली जबाबदारी शुश्रूषेची गरज असलेल्या माणसांप्रति आहे, असे वाक्य आले. सोमेराच्या खटल्याला तेव्हा ४४ वर्षे लोटली होती.