धरणाकाठची वाट

घोटीकडून येणारा रस्ता बारी गावाजवळ कळसूबाईच्या पायथ्याला वळसा घालून शेंडीच्या दिशेने उतरू लागला, की डोंगरांच्या कोंदणात पसरलेले एक विस्तीर्ण पाणी एकाएकी दृष्टीस पडते; आणि मुंबईहून वा नाशिकहून आलेला प्रवासी ते पाहून क्षणभर थबकतो, तो बहुधा याच समजुतीने, की रतनगडाच्या कुशीतले हे सरोवर सृष्टीच्या आरंभापासून येथेच आहे. वास्तविक भंडारदऱ्याच्या या पाण्याचे वय एका शतकाच्या आसपास आहे. १९१० साली काम सुरू होऊन १९२६ च्या डिसेंबरात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते ज्याचे उद्घाटन झाले, त्या सुमारे २७० फूट उंचीच्या दगडी बांधाने प्रवरा अडवली, आणि जेथे भाताची खाचरे होती तेथे लाटा उठू लागल्या. बांधाला विल्सनसाहेबांचे नाव मिळाले, जलाशय ऑर्थर लेक म्हणून नकाशावर चढला. परंतु डांगाणातल्या माणसाने ही दोन्ही नावे कधी तोंडात घेतली नाहीत. त्याच्या लेखी ते धरण आहे, आणि पुरे.

डांगाण म्हणजे अकोले तालुक्याचा हा पश्चिमेकडील डोंगरी मुलूख. महादेव कोळी आणि ठाकर यांचा, नागली-वरईचा, आणि धुवाधार पावसातही अंगावरून पाणी निथळू देऊन निवांत चरणाऱ्या डांगी जनावरांचा. इंग्रजी अंमलाविरुद्ध उठलेले आणि १८४८ साली ठाण्यास फाशी गेलेले राघोजी भांगरे याच मातीतले. अशा कष्टाच्या मुलखात मौजेखातर डोंगर चढण्याची कल्पना शहरातून आली, असे पुष्कळांना वाटते. मला ते मान्य नाही. नवरात्रात कळसूबाईच्या शिखरावर, म्हणजे १६४६ मीटर उंचीवर, आसपासच्या गावांची माणसे लेकराबाळांसह आजही चढतात, आणि हा परिपाठ धरणाहून फार जुना आहे. कळसू ही कोळ्याची पोर. दुसऱ्याच्या घरी कामास राहिली ती भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही या बोलीवर. ती बोली मोडून तिच्यापुढे खरकटी भांडी ठेवली गेली, तेव्हा ती सगळे टाकून डोंगरावर निघून गेली आणि तेथेच राहिली, अशी तिची कथा आहे. आपल्या शब्दाचा मान राखण्यासाठी घर सोडणाऱ्या त्या मुलीला भेटायला चढून जाणे, वाटेत टेकून भाकरी सोडणे, माथ्यावर वारा अंगावर घेणे आणि तिन्हीसांजेच्या आत खाली उतरणे, यात देवदर्शन किती आणि डोंगराचा आनंद किती, याची वाटणी कोणी करू नये. रतनवाडीला अमृतेश्वराच्या कोरीव दगडी देवळात महाशिवरात्रीला जमणारी माणसे, खाली अकोल्यात अगस्तींच्या आश्रमाकडे लोटणारी यात्रा, ही सगळी त्याच आनंदाची घराणी होत. सहल हा शब्द येथे उशिरा आला. ती गोष्ट मात्र यात्रेच्या नावाने पूर्वापार नांदत होती.

धरण बांधणाऱ्यांच्या मनात या आनंदाला जागा नव्हती, आणि त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही. घाटघरच्या कड्यावर वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि त्याच प्रवरेच्या खालच्या खोऱ्यात तो जेमतेम पाचशेवर येतो. एकाच नदीच्या दोन टोकांमधली ही तफावत हेच या बांधकामाचे कारण. १८७६ पासूनच्या आणि पुढे शतक उलटतानाच्या दुष्काळांनी दख्खनची रयत देशोधडीला लागली, सरकारने नेमलेल्या सिंचन आयोगाने शतकाच्या आरंभी अशा संरक्षक कामांची शिफारस केली, आणि ओझरच्या जुन्या बंधाऱ्यावरून निघणाऱ्या कालव्यांना बारमाही पाण्याची पाठराखण हवी म्हणून डोंगरात हा साठा करण्याची तजवीज झाली. त्या पाण्यावर खाली ऊस उभा राहिला, साखरेचे कारखाने निघाले, आणि १९५० च्या सुमारास लोणीला शेतकऱ्यांच्या सहकारी कारखान्याने नवे पर्व सुरू केले. ज्या काळात हा बांध हळूहळू चढत होता, त्याच काळात, १९२१ पासून, मुळशीच्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केल्यामुळे बुडणाऱ्या शिवाराचे दुःख साऱ्या महाराष्ट्राच्या कानी गेले. भंडारदऱ्याला तसा लढा उभारणारा सेनापती लाभला नाही. येथली खाचरे पाण्याखाली गेली, आणि वरच्या उतारावर सरकलेल्या माणसांनी पुन्हा दगड वेचून बांध घातले. काठाकाठाने जाताना ही गोष्ट मला विसरवत नाही, आणि ती कोणी विसरू नये असे मला मनापासून वाटते.

सहल या काठावर आली ती पाटबंधारे खात्याच्या बंगल्यातून. बांधकामावर देखरेख करणाऱ्या अंमलदारांसाठी असे बंगले बांधण्याची त्या काळी सर्वत्र चाल होती. ऐसपैस ओटा, कौलारू छप्पर, एक खानसामा, आणि समोर पाणी. आधी साहेबाची बायकामुले उन्हाळ्यात हवा पालटायला येत, पुढे परवाना मिळवून पांढरपेशी कुटुंबे येऊ लागली. आणि कोणी अधिकारी तपासणीस आला तर पाहुण्यांनी खोली रिकामी करावी, हा अशा बंगल्यांचा शिरस्ता सर्वांनी बिनतक्रार पाळला. त्यानंतर आले ते पाठीवर पिशव्या घेतलेले तरुण. गो. नी. दांडेकरांसारख्यांच्या लेखणीने आणि पायांनी मराठी मुलांना गडांची ओढ लावली होती, आणि रतनगड तर पाण्याच्या पलीकडच्या टोकाला उभा. तेव्हा काठाने धड रस्ता नव्हता; शेंडीहून लाँचने रतनवाडी गाठायची आणि तेथून प्रवरेच्या ओढ्याकाठाने गडाची वाट धरायची, हा क्रम. जे पाणी वाट बुडवून बसले होते, तेच आता वाट झाले होते.

या काठाचा आनंद आजही खालच्या शिवाराच्या हिशेबाने चालतो, हे येणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या ध्यानात येते. धरणाखालच्या बागेत अंब्रेला फॉल पाहायला गर्दी लोटते. भिंतीतल्या मोरीतून सुटलेले पाणी खालच्या गोलसर खडकावर पडून चहूबाजूंनी छत्रीसारखे उलगडते, ते दृश्य खरोखर मनोहर आहे. पण ती छत्री उघडायची केव्हा, हे पावसाळ्याखेरीज एरवी ठरते ते आवर्तनावर, म्हणजे कालव्यांना पाणी सोडण्याच्या पाळीवर, आणि आवर्तन ठरते ते कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत, जेथे उसाचा, गव्हाचा आणि पिण्याच्या पाण्याचा दशलक्ष घनफुटांत हिशेब मांडला जातो. रंध्याच्या धबधब्याचेही तेच. घोरपडादेवीच्या देवळाजवळ दरीत झेपावणारी प्रवरा पावसाळ्यात रौद्र असते, एरवी वीजगृहाकडे वळलेल्या पाण्यातून जे उरेल तेवढीच. भिंतीच्या मागील बाजूस जे प्रचंड टेकू दिसतात त्यांचाही इतिहास आहे: १९६९ साली भिंतीला तडे गेल्याचे आढळले, पाण्याची पातळी तातडीने उतरवली गेली, आणि पुढे आधारभिंती बांधून तो जुना चुनेगच्ची बांध सावरण्यात आला. त्यांच्या सावलीत कणसे भाजून खाणाऱ्या मुलांना हे कोणीतरी सांगायला हवे.

अलीकडच्या वर्षांत गर्दीचा सर्वांत मोठा हंगाम मात्र या कोणत्याच पाण्याचा नाही. तो काजव्यांचा आहे. मे महिना सरता सरता, वळवाच्या सरी पडून गेल्यावर, पांजरे, उडदावणे, घाटघर या गावांच्या रानात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे बसतात, आणि अख्खे झाड एका लयीत उजळते व विझते. एका वर्षी मी पांजऱ्याजवळ मोटारींच्या रांगेपासून दूर एका सादड्याखाली उभा होतो. माझ्यासोबत आलेल्या गावच्या म्हाताऱ्या बाबांनी माझ्या हातातली विजेरी हलकेच खाली वळवली आणि म्हटले, "उजेड नका दावू. त्याच्या उजेडाला मादी येती, तुमच्या उजेडात तिला तो दिसंना." मग पायाकडे बोट करून म्हणाले, "आन् गवतात जपून. अंडी हितंच पडत्यात." त्यांनी स्वतः पाऊल उचलले ते दगडावरून दगडावर, जसे भरलेल्या खाचराच्या बांधावरून चालावे तसे. मी विजेरी विझवली. थोड्या वेळाने झाडाच्या शेंड्याकडून एक लाट खाली उतरली, बुंध्यापर्यंत आली, विझली, आणि पुन्हा वरून निघाली. खाली पाण्यात तिची फिकट प्रतिमा हलत होती.

पहिला मोठा पाऊस लागला की काजवे दिसेनासे होतात. तंबू उठतात, होड्या ओढून काठावर पालथ्या घातल्या जातात, खाचरांत आवणाची लगबग सुरू होते, आणि १५ ऑगस्टच्या आत धरण भरते की नाही यावर शेंडीच्या चहाच्या टपऱ्यांवर पैजा लागतात. डोंगरावर धुके इतके दाटते की कळसूबाईचे शिखर आठवडेच्या आठवडे दिसत नाही. ते पुन्हा दिसू लागते ते घटस्थापनेच्या सुमारास, आणि तेव्हा बारीच्या बाजूने माणसांची रांग वर चढू लागलेली असते.